शिशाचे सेनापती

फार पूर्वी एका टेबलावर दर रविवारी नेपोलियनच्या काळातलं घनघोर युद्ध व्हायचं. निळ्या डगल्यातले बोटभर उंचीचे, शिशाचे सेनापती त्यात फाशांच्या कृपेने जिंकायचे आणि श्रेय मात्र स्वतःच्या डावपेचांना द्यायचे.

एकदा फासे उलटे पडले. लाल फौजेने सेनापतींना घोड्यासकट आडवं केलं. पडल्या पडल्या त्यांनी पाहिलं, तर त्यांचा मालक विद्याधर लाल फौजेच्या मालकाबरोबर, फिरोजबरोबर, एकाच ताटलीतली भजी खात खिदळत होता.

"फितुरी!" सेनापती गरजले.

शेजारी पडलेला लाल शिपाई म्हणाला, "साहेब, ते जुने मित्र आहेत. वैर फक्त आपल्या अंगावर रंगवलंय."

सेनापतींनी यावर आठवडाभर गंभीर चिंतन केलं आणि रविवारी पहिला घोडा त्याच शिपायावर घातला.