साळोबाचं शेवटचं पान

जनावरं सभा भरवायची, तेव्हाची गोष्ट. साळोबा नावाच्या साळिंदराला रानाकडे येणारा बिबट्या दिसला. सगळ्यांना सावध करायचं, पण साग्रसंगीत, म्हणून त्याने पळसाच्या पानांवर चित्रं काढली आणि ती पानं पाठीच्या काट्यांवर खोचली.

सभेकडे पाठ करून तो समोरच्या बुंध्यालाच सांगू लागला, "पहिल्या पानावर नदी. दुसऱ्यावर नदीचा उगम..."

सभा पेंगली. भुकेल्या भेकरीने मागून एकेक पान मटकावलं. काटे रिकामे झालेले कळताच साळोबा गर्रकन वळून किंचाळला, "अहो, बिबट्या येतोय, पळा!"

सगळे धूम पळाले, म्हणून वाचले.

धापा टाकत भेकरी म्हणाली, "मेल्या, हे आधी नाही का सांगायचं?"

"सांगणारच होतो!" साळोबा फणकारला. "शेवटच्या पानावर होतं ते. तूच खाल्लंस!"