गवताची गाठ

“मग ती टिकत का नाही, बाबा?”

शिरीष तिसऱ्यांदा विचारत होता. नूरबाबा पानमळ्यात शेवरीच्या झाडांना वेली बांधत होते, भिजवलेल्या लव्हाळ्यानं. गवतच ते, दुसरं काय.

बाबा फकीर; शिरीष लहानपणी त्यांच्या तक्क्यात, म्हणजे मठीत, शिकलेला. आता डॉक्टर झाला होता. जखमेवर बसवायची रेशमाची बारीक जाळी त्यानं केली होती. शरीरातल्या पेशी तिच्यात घर करतात, तिच्या आधारानं नवी कातडी धरते, असं तो सांगायचा.

गुऱ्हाळावरच्या फुलाबाईचा हात उकळत्या रसानं भाजला. तिला ती जाळी बसवली.

“महिन्याभरात विरघळली! चार वर्षं घातली मी तिच्यात.”

“आणि हात?”

“हाताचं नाही, बाबा, जाळीचं विचारतोय.”

“मी हाताचं विचारतोय.”

शिरीषनं कपाळाला हात लावला. “आलीय कातडी. पण पातळ वाटते. म्हणून उद्या खरवडून नवी जाळी बसवतो. कधीच न विरघळणारी.”

“बाई काय म्हणते?”

“रडते. बोटं हलायला लागलीत, पुन्हा नको म्हणते. तिला काय कळतं त्यातलं?”

बाबांनी पुढच्या वेलीला गाठ मारली.

“बोला की काहीतरी! आणि हे काय बांधताय? दोन पावसांत कुजेल. नायलॉनची दोरी आणून देतो.”

“आणली होती एकानं.”

“मग?”

“दोरी आहे अजून. वेल गेली.”

बाबा उठले. शिरीषला घेऊन गेल्या सालच्या वेलीपाशी गेले. तिची गाठ काळी पडली होती. बाबांनी दोन बोटांत चुरगाळली. भुगा झाला.

शिरीषनं झटकन दोन्ही हातांनी वेल धरली.

“सोड.”

“पडेल, बाबा!”

“सोड म्हटलं ना!”

त्यानं सोडली. वेल जागची हलली नाही. पेरापेराला मुळ्या फुटून शेवरीच्या सालीला घट्ट चिकटल्या होत्या.

“उद्या खरवडत नाही,” शिरीष म्हणाला. पण त्याचा चेहरा उतरला.

“मग माझं काय उरलं, बाबा, त्यात?”

“पुन्हा जाळीचंच विचारतोस!” बाबांनी हातातला भुगा झटकला. “जा. फुलाबाईच्या हातात शोध. सापडलं, तर मला आणून दाखव.”