अर्ध्या डोंगरावरचा रहाट

फार जुनी गोष्ट आहे बरं का, इतकी जुनी की त्या गावाचं नावही आता कुणाला आठवत नाही. गाव होतं डोंगरमाथ्यावर आणि पाणी पार खाली दरीत. चारशे पायऱ्या उतरा, भरली घागर घेऊन चारशे चढा. बायका अगदी मेटाकुटीला यायच्या.

मग एका सुताराने रहाट बांधला. गाडग्यांच्या माळेतून पाणी अर्ध्या डोंगरापर्यंत वर आलं. लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. "उरलेला अर्धा डोंगर आता तुमचा," असं पुढच्या सुतारांना सांगून तो म्हातारपणी वारला.

पुढच्यांनी काय करावं? दर जत्रेला रहाटावर नवं नक्षीकाम! एका वर्षी मोर, एका वर्षी घुंगरं. "नवा रहाट आला हो!" अशी दवंडी पिटायची. पाणी मात्र तिथंच, दोनशे पायऱ्या खाली.

सातव्या पिढीच्या वेळी गावात भिवरा नावाची म्हातारी होती. तिचे गुडघे गेलेले, म्हणून पाणी सून आणायची. सुनेला आठवा महिना लागला, तशी भिवरा थोरल्या सुताराकडे गेली.

"दादा, वरच्या अर्ध्याला दुसरा रहाट बांधा हो. पोरीला चढवत नाही."

"काकी, यंदा पितळी हत्ती बसवतोय! बघत राहशील नुसती."

"मेला तुझा हत्ती! तो घागर उचलणार आहे का?"

तिथले सगळे सुतार खो खो हसले.

जत्रेच्या दिवशी गाव हत्ती बघत होतं आणि सून वरच्या पायऱ्यांवरून घागरीसकट कोसळली. तीही गेली, पोटातलं बाळही गेलं.

तेव्हा कुठे गावाला लाज वाटली. थोरला सुतार रडत म्हणाला, "काकी, बांधतो दुसरा रहाट." त्याने हत्यारं काढली आणि तसाच बसून राहिला. आस कसा बसवायचा, दाते कसे कापायचे, कुणालाच ठाऊक नव्हतं. सात पिढ्या त्या हातांनी नुसते मोरच कोरले होते.

मग शिकायचं म्हणून त्यांनी जुनाच रहाट उकलला. उकलला खरा, पण पुन्हा काही जोडता येईना.

आता पुन्हा चारशे पायऱ्या. भिवरा तसल्या गुडघ्यांनी रोज दरीत उतरायची. अर्ध्या वाटेवर तो पितळी हत्ती पडलेला असायचा. येताना त्याच्या पाठीवर घागर टेकवून ती दम खायची आणि सुनेच्या नावाने रडायची.

बोध इतकाच: अर्ध्या कामाला जे सजवत बसतात, त्यांच्या हातून उरलेलं अर्धं होत नाही आणि झालेलंही टिकत नाही.