रिकामा चौक

पूर्वी वेणुतट नावाच्या नगरात राजाच नव्हता. घरोघरचे लोक शलाका टाकून, म्हणजे लाकडाच्या रंगवलेल्या काड्या टाकून, आपला गणप्रमुख, म्हणजे नगराचा कारभार बघणारा, निवडत. त्या नगरात बोधिसत्त्वाने एका साध्या कुळात जन्म घेतला. त्याचे नाव भद्रघोष. पुढे लोकांनी त्यालाच गणप्रमुख केले. त्याचा आवाज असा होता की रडते मूलसुद्धा ऐकत राहावे. आवाज ही मोठी देणगी खरी, पण तिचीही धास्ती बाळगावी लागते, हे त्याला अजून कळायचे होते.

एका वर्षी नगरात तापाची आणि खोकल्याची साथ आली, आणि नेमकी नव्या निवडीची पौर्णिमा तोंडावर आलेली. लोकांचे धाबे दणाणले. भद्रघोष रोज दिवेलागणीला सभागृहासमोरच्या चौकात उभा राहून बोलू लागला. आज कोण दगावले, कोण बरे झाले, वैद्य उद्या कुठे बसणार, काढा कसा घ्यायचा, सगळे तो काही न लपवता सांगे. माणसे खांद्याला खांदा लावून ऐकत. त्या गणाची एक जुनी रीत होती. प्रमुखाचे बोलणे संपले की प्रत्येकाने पुढे येऊन त्याच्या हातातल्या वचनदंडाला हात लावायचा, म्हणजे शब्द पोचला असे धरायचे. शेकडो हात त्या एका काठीला लागत आणि माणसे हलक्या मनाने घरी जात.

विरूढ नावाचा त्याचा मंत्री ती गर्दी बघून खुशीत होता. तो खाजगीत म्हणे, साथ आपल्याला चांगलीच लाभली, एरवी एवढी माणसे गोळा करता करता नाकी नऊ आले असते. अशी माणसे प्रत्येक काळात असतात, त्यात नवल करण्यासारखे काही नाही. विरोधात उभा होता नंदिसेन, भद्रघोषाचा लहानपणचा सवंगडी. तो बोलताना अडखळे, म्हणून सभेच्या वाटेला जात नसे. खालच्या आळीत दारोदार हिंडे, अंगणातच उभा राहून कसेबसे चार शब्द बोले आणि पुढे जाई. वरच्या आळीचे लोक त्याची नक्कल करून हसत.

ज्या घरात ताप असेल त्या दाराला कडुलिंबाची डहाळी बांधायची, अशी तिथे चाल होती. भद्रघोष रोज सकाळी विचारपूस करत फिरे. हळूहळू त्याच्या ध्यानात आले की वरच्या आळीत दार न् दार हिरवे झाले आहे, आणि खालच्या आळीत डहाळी शोधावी लागते. पाणी दोन्हीकडे एकाच नदीचे. धान्य एकाच बाजारचे. मग हे असे का, ते त्याला उमगेना, आणि त्याचे मन काही स्वस्थ बसेना.

वरच्या आळीत मालुका नावाची म्हातारी राहत असे. चौकातल्या सभेत पायरीजवळची पहिली जागा तिची. तिची सून तापाने गेली होती आणि एकुलता मुलगा अंथरुणाला खिळला होता. भद्रघोषाने बाहेरूनच विचारले, की हा कुठे परगावी गेला होता का, कोणात मिसळला होता का.

"कुठं जातोय, बाबा," म्हातारी म्हणाली. "तुझं ऐकायला तेवढं येतो आम्ही. एक दिवस चुकवला नाही बघ." आणि हे ती मोठ्या अभिमानाने म्हणाली.

भद्रघोषाच्या पायाखालची वाळू सरकली. खालची आळी त्याच्या सभेला येत नव्हती. येत होती ती वरची आळी. त्याने हातातल्या वचनदंडाकडे पाहिले, आणि त्याला ती काठी धरवेना. आपण धीर वाटतो आहोत असे समजून आपण काय वाटत होतो, हे त्याला त्या दारात उभे असतानाच कळले.

दुसऱ्याच दिवशी शेवटची मोठी सभा होती. तिला नदीपलीकडच्या वस्त्यांतूनही माणसे येणार होती. आता घोडे अडले ते इथे. येऊ नका, हे लोकांना सांगायचे, तर सांगायची जागा एकच होती, आणि ती म्हणजे तोच चौक. त्याने विरूढाला बोलावून सगळे सांगितले. विरूढ आधी कानावर हात ठेवून बसला. मग म्हणाला, शलाका पडेपर्यंत गप्प राहावे. भद्रघोष ऐकेना, तेव्हा त्याने दुसरी वाट काढली. वेशीवरचा युद्धाचा नगारा वाजवू. शत्रू आला असे समजून लोक दारे लावून बसतील, तुमची इच्छा पुरी होईल. शिवाय युद्धाच्या काळात निवड पुढे ढकलावी असा गणाचा नियमच आहे, म्हणजे पदही राहील. माणसेही वाचतील आणि खुर्चीही वाचेल, यात वाईट काय, असे त्याचे म्हणणे.

खोटे कधीकधी किती सोयीचे रूप घेऊन येते पाहा. भद्रघोष म्हणाला, "लोक घरात बसतील, पण कशाला भ्यायचं ते त्यांना कळणार नाही. नगारा थांबला की बाहेर येऊन एकमेकांच्या गळ्यात पडतील. ते नको."

तो उठला आणि एकटाच नंदिसेनाच्या घरी गेला. अंगणात चुलवण पेटले होते, त्यावर पाणी उकळत होते. भद्रघोष नंदिसेनापासून लांबच राहिला. त्याने वचनदंड त्या उकळत्या पाण्यात बुडवून काढला, राखेने घासला आणि कुंपणाला टेकवून ठेवला. मग त्याने सांगितले, की तुझी माणसे धडधाकट आहेत, त्यांना घरोघर पाठव, पलीकडच्या वस्त्यांतही पाठव. जिथे विश्वास बसणार नाही तिथे ही काठी लांबूनच दाखवायची, कुणाला हात लावू द्यायचा नाही. आणि म्हणायचे, भद्रघोषाच्या सभेतून ताप घरोघर गेला, हे तो स्वतः सांगतो आहे, त्याच्याकडे येऊ नका.

नंदिसेनाला आधी यात काहीतरी डाव आहे असे वाटले. मग मित्राच्या तोंडाकडे बघून त्याला ते खरे पटले.

"हे मी सांगितलं, तर तुला शलाका मागायला तोंड राहील का?" त्याने अडखळत विचारले.

"नाही राहणार," भद्रघोष म्हणाला. "तू उशीर करू नकोस."

नंदिसेनाने माणसे पाठवली, आणि वरच्या आळीत वचनदंड घेऊन तो स्वतः गेला. ज्या दारांत त्याची नक्कल होई त्या दारांसमोर उभा राहून त्याने तो निरोप सांगितला, एक शब्द वाढवला नाही, एक गाळला नाही. काहींनी त्याच्या अंगावर पाणी फेकले. काहींनी शिव्या देऊन दार आपटले. दार लागले हे बरेच झाले, असे म्हणून तो पुढच्या घरी जाई.

दिवेलागण झाली. भद्रघोष तोंडाला फडके बांधून चौकातल्या पायरीवर उभा राहिला. कोणी आलेच तर परत पाठवायला हवे होते. चौक रिकामा होता, पण भोवतालच्या घरांची दारे किलकिली होती आणि प्रत्येक फटीत डोळे होते. माणसे ठरवत होती. त्याचा एक शब्द कानावर पडला असता तर ती सगळी धावत आली असती, हे त्याला ठाऊक होते. त्याचा जीव टांगणीला लागला.

तेवढ्यात मालुका आली. ती काठी टेकत चौकाच्या मध्यापर्यंत चालत आली. भद्रघोष झटकन मागे सरला आणि हाताने, परत जा, असे खुणावू लागला.

"सगळे भ्याले तुला," ती म्हणाली. "मी नाही भ्यायले. माझा पोरगा दुपारी गेला रे. एक शब्द बोल माझ्याशी."

सगळी दारे आणखी बोटभर उघडली. भद्रघोषाच्या ओठांपर्यंत शब्द आला होता. त्या म्हातारीचे दुःख हलके करण्याची ताकद त्याच्याजवळ होती, आणि आयुष्यात पहिल्यांदाच ती वापरायची नव्हती. त्याला रडू फुटले, तेही त्याने आवाज न करता गिळले. तो गुडघ्यांवर बसला आणि लांबूनच त्याने जमिनीला डोके टेकले.

मालुका वाट बघत उभी राहिली. मग म्हणाली, "शब्द शलाकांपुरतेच होते म्हणायचे तुझे." आणि माघारी वळली.

त्याचे डोके जमिनीलाच होते. एकेक दार लागत गेल्याचा आवाज त्याने तसाच ऐकला. त्या संध्याकाळी चौकात कोणी आले नाही.

पौर्णिमेला नंदिसेनाच्या माणसांनी शलाकांची टोपली दारोदार फिरवली. ज्यांच्या घरचे माणूस गेले होते त्यांनी भद्रघोषाविरुद्ध काडी टाकली, आणि त्यात त्यांचे काही चुकले असे म्हणता येणार नाही. नंदिसेन भरपूर फरकाने निवडून आला. पुढे दारावरच्या डहाळ्या वाळल्या, नव्या बांधायची वेळ आली नाही. ज्या दिवशी दारे मोकळी झाली त्या दिवशी नंदिसेनाने भद्रघोषाला चौकात दोन शब्द बोलायची विनंती केली. भद्रघोष म्हणाला, आधी एके ठिकाणी एक शब्द द्यायचा राहिला आहे.

तो मालुकेच्या उंबऱ्याशी गेला. "माय, तुझ्या पोराला माझ्या सभेनं नेलं," तो म्हणाला. "त्या दिवशी बोललो असतो तर आणखी कुणाची पोरं गेली असती. म्हणून गप्प बसलो. एवढंच सांगायला आलो."

म्हातारीने कोपऱ्यातली चटई पायाने त्याच्याकडे सरकवली.

"बस," ती म्हणाली. "त्याचं नाव घेऊन बोल."

शास्त्याने, म्हणजे बुद्धाने, ही कथा विहारात मंजुक नावाच्या भिक्षूला सांगितली. मंजुकाचा कंठ गोड होता. ज्या गावात ताप होता तिथले त्याचे प्रवचन थेरांनी, म्हणजे वडील भिक्षूंनी, थांबवले, म्हणून तो फुरंगटून बसला होता. कथा संपवून शास्ता म्हणाला, "तेव्हाचा विरूढ आज संघात फूट पाडणारा देवदत्त आहे. ज्याने दुसऱ्याचे शब्द न वाढवता न गाळता दारोदार नेले, तो नंदिसेन आज माझ्या सेवेत असलेला आनंद आहे, आणि माझे शब्द लोकांपर्यंत नेण्याचे तेच काम अजूनही करतो. भद्रघोष मी होतो. आणि मंजुका, एका शब्दासाठी चौकात आलेली ती म्हातारी तू होतास. त्या दिवशी मी तुला परत पाठवले."

मंजुकाची मान खाली गेली. भद्रघोषाने त्या जन्मी पाळलेल्या गुणाचे नाव शास्त्याने सांगितले, सत्य, आणि शास्ता उठून सावलीत जाऊन बसला.