खिंडीपलीकडं फिकी पडणारी डोरली

बोरखिंडीच्या अलीकडच्या उतारावर डोरलीची काटेरी झुडपं दिसतात ना, त्यांचं फळ जिभेला लावून बघा. तोंड वाकडं होईल इतकं कडू. खिंड ओलांडली की तेच पान, तोच काटा, तेच जांभळं फूल. पण फळ फिकं. कॉलेजची माणसं मध्ये पिशव्या भरून पाला घेऊन गेली. म्हणाली, जात एकच, रस निराळा. असं का, ते इथली जुनी माणसं सांगतात.

फार पूर्वी इथं येसा नावाची विधवा राहायची. तिची एकुलती एक लेक साळू खिंडीपलीकडं दिलेली. दोन वर्षं झाली तरी सासरची माणसं साळूला माहेरी धाडेनात. येसा खिंडीकडं तोंड करूनच भाकर खायला बसायची, म्हणे.

एका पौषात साळूचा दीर आला. साळूच्या तान्ह्या मुलीला धाप लागत होती, आणि डोरलीच्या काढ्यानं छाती मोकळी होते हे सगळ्यांना ठाऊक.

"साळू नाही आली?"

"तिचं काय काम? फळं द्या, मावशी. बी पण द्या. परसात लावतो, म्हणजे पुन्हा तुम्हाला त्रास नको."

येसाच्या मनात आलं, बी रुजलं की लेकीला यायला निमित्तच उरणार नाही. तिनं फळं दिली, बी पण दिलं. पण तो दिसेनासा होताच डोंगराई देवीच्या शिळेवर डोकं टेकलं. "आई, खिंडीपलीकडं रुजलेल्या डोरलीला कडूपणा येऊ देऊ नकोस. लेकीला इथं यावंच लागू दे."

देवीनं ऐकलं.

वर्षानं साळू आली. येसा धावली, तर साळूनं आधी कडेवरची पोर तिच्या हातात दिली.

"झाडं भरभरून लागली गं आई. पण काढा म्हणजे नुसतं पाणी! सासूबाई म्हणतात, तुझ्या आईनं बीसुद्धा हात राखून दिलं."

पोरीची छाती शिट्टीसारखी वाजत होती. श्वासागणिक बरगड्या आत ओढल्या जात होत्या. आपण कुणाच्या जिवावर लेक मागितली, ते येसाला तेव्हा कळलं.

काढ्यानं तीन दिवसांत पोर निवांत झाली. येसानं शिळेपाशी जाऊन मागणं परत घे म्हणून नाक घासलं. पण एकदा दिलेलं डोंगराई परत घेत नाही, असं सांगतात.

साळू निघाली तेव्हा येसा म्हणाली, "पोरीला घेऊन तू खिंड चढू नकोस. फळं मी आणीन."

"मग मला कोण धाडणार इकडं?"

पुढच्या पौषात येसाच फळांची पाटी डोक्यावर घेऊन खिंड चढली.

आईनं लेकीच्या दारात उठसूट जायचं नाही, अशी तेव्हाची रीत. साळूची सासू हसायची, "आल्या विहीणबाई पाटी घेऊन!" येसा उंबऱ्याबाहेर पाटी ठेवायची आणि परत फिरायची. पाय चालत होते तोवर गेली.

आजही पौषात फळं पिकली की पहिली पाटी बाजारात जात नाही. ज्या घरची लेक पलीकडं दिली आहे, त्या घरची आई ती स्वतः डोक्यावर घेऊन खिंड चढते. लेकी फोनवर म्हणतात, एसटीच्या कंडक्टरकडं दे की. आई ऐकत नाही. दारात पोचली की पाणी मागायच्या आधी, लेकीशी बोलायच्याही आधी, ती नातवंडाच्या पाठीला कान लावते.