पळसाचं वाळकं पान

माळाला कुंपणं नव्हती तेव्हाची गोष्ट. तिथे सातभाई पक्ष्यांचा एक थवा राहायचा. बाकीचे पाचोळा उकरून किडे टिपायचे, तेव्हा एकजण बाभळीवर बसून शिकारी शिक्र्यावर नजर ठेवायचा.

एका सकाळी राखणीला टिवळी होती. वरून काहीतरी झेपावताना दिसलं आणि ती ओरडली. चोचीतले घास टाकून सगळे करवंदीच्या जाळीत घुसले. पाहतात तर काय, पळसाचं वाळकं पान!

"हिला पान आणि शिक्रा यातला फरक कळत नाही," सगळे चिडले. "उद्यापासून हिला वर बसवू नका."

थव्याचा म्होरक्या म्हणाला, "माझाही चांगला जाडजूड भुंगा गेला. पण ती खात्री करत बसली असती आणि खरंच शिक्रा असता, तर? टिवळे, उद्याही तूच बस."

दुसऱ्या दिवशी म्होरक्या सगळ्यांच्या आधी उघड्यावर उतरला आणि मान खाली घालून किडे टिपू लागला. मग बाकीचेही कुरकुरत उतरले.

थोड्या वेळाने आकाशात काहीतरी हललं. टिवळी लगेच ओरडली. या वेळी कोणी वर पाहिलंसुद्धा नाही, सगळे थेट जाळीत शिरले.

शिक्रा परत वर उडाला, तेव्हा त्याच्या पंजात पळसाचं एक वाळकं पान होतं.