मामाचं गाणं अडलं

वाचनालयात, पुस्तकांच्या कपाटामागे राहायची एक उंदरीण. एवढीश्शी. तिचं नाव तिळू.

आज तिळूचा वाढदिवस. लांब गोंदियाहून मामाने टॅबवर गाणं पाठवलं. तिळू नाचू लागली. थुई थुई, थुई थुई.

आणि गाणं बंद. निम्मंच आलं. निम्मं अडलं.

तिळूचे डोळे भरले.

"टॅबदादा, टॅबदादा, माझं गाणं दे."

टॅब म्हणाला, "मी नाही देणार जा. राउटर वायफाय सोडेल, तेव्हा देईन."

तिळू निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. भिंतीवर होता राउटर. दिवे लुकलुक, लुकलुक.

"राउटरदादा, राउटरदादा, वायफाय सोड.
टॅब गाणं देईना,
मी नाचू कशी?"

राउटर म्हणाला, "मी नाही सोडणार जा. फायरवॉल दार उघडेल, तेव्हा सोडीन."

तिळू निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. इंटरनेटच्या दाराशी बसली होती फायरवॉल. ओळखीच्याला आत घ्यायची. चोराला बाहेर ठेवायची.

"फायरवॉलताई, फायरवॉलताई, दार उघड.
राउटर वायफाय सोडेना,
टॅब गाणं देईना,
मी नाचू कशी?"

फायरवॉल म्हणाली, "मी नाही उघडणार जा. अनोळखी कुणी शिरलं तर? मावशी पासवर्ड सांगेल, तेव्हा उघडीन."

तिळू निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. वाचनालयाची कुंदामावशी पुस्तकांवर शिक्के मारत होती. ठप ठप, ठप ठप.

"मावशी, मावशी, पासवर्ड सांग.
फायरवॉल दार उघडेना,
राउटर वायफाय सोडेना,
टॅब गाणं देईना,
मी नाचू कशी?"

मावशी म्हणाली, "आत्ता नाही सांगणार जा. खिडकीत कावळा बसलाय, कान देऊन. ऐकेल आणि गावभर करेल. कावळा उडेल, तेव्हा सांगेन."

तिळू निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. चढली खिडकीवर.

"कावळेदादा, कावळेदादा, उडून जा.
मावशी पासवर्ड सांगेना,
फायरवॉल दार उघडेना,
राउटर वायफाय सोडेना,
टॅब गाणं देईना,
मी नाचू कशी?"

कावळा म्हणाला, "काव काव. मी नाही उडणार जा. पोटात भूक आहे. खाऊ मिळेल, तेव्हा उडेन."

तिळू बिळात गेली. तिथे होता वाढदिवसाचा लाडू. एकच. तिळूने त्याचा वास घेतला. थोडा वेळ नुसती बघत बसली.

मग अर्धा मोडला. कावळ्यापुढे ठेवला.

"घे, कावळेदादा."

कावळा लाडू घेऊन उडाला. भुर्रर्र.
मावशीने तिळूच्या कानात पासवर्ड सांगितला. कुजबुज, कुजबुज. "आणिक कुणाला सांगू नकोस हं."
तिळूने तो फायरवॉलच्या कानात सांगितला. अगदी हळू.
फायरवॉलने दार उघडलं. करर्रर्र.
राउटरने वायफाय सोडलं. लुकलुक, लुकलुक.
टॅबने गाणं दिलं.

उरलेलं सगळं गाणं आलं. थुई थुई, थुई थुई. तिळू नाचली, नाचली, दमली.

गाणं संपलं आणि मामा म्हणाला, "तिळू, उद्याच्या गाडीने येतोय मी."

आणि पासवर्ड काय होता? तो तिळूने मलासुद्धा नाही सांगितला.

तिळूचं गाणं झालं पुरं,
आमचं सांगणं झालं पुरं.